नव्या मोटारसायकलचे पहिले ऑइल

पालकसभेच्या किंवा स्नेहसंमेलनाच्या दिवशी आमच्या विद्यालयाच्या आवारात एक दृश्य आता नेहमीचे झाले आहे. पंचवीस वर्षांपूर्वी पालक एस.टी.ने येत, फाट्यावर उतरत आणि उरलेले अंतर पायी तुडवत. आता आवारातील कडुनिंबाखाली मोटारसायकलींची रांग लागते. त्या रांगेत दोन-चार गाड्या अगदी कोऱ्या असतात. हँडलला वाळलेला झेंडूचा हार, सीटवरचे प्लास्टिक अजून तसेच, आणि शेजारी उभा असलेला आमचाच एखादा माजी विद्यार्थी. नोकरीच्या पहिल्या-दुसऱ्या वर्षी हप्त्यांवर त्याने ती घेतलेली असते. "सर, गाडी घेतली" हे तीन शब्द तो ज्या स्वरात उच्चारतो, त्यात त्याच्या घरातील दोन पिढ्यांची पायपीट संपल्याचा आनंद असतो.

या आनंदापाठोपाठ हमखास एक प्रश्न येतो. "सर, पहिल्या सर्व्हिसिंगला ऑइल कोणते टाकू? गॅरेजवाला म्हणतो भारीतले सिंथेटिक टाक. मामा म्हणतात, पहिले दोन-तीन हजार साधेच ऑइल हवे, नाहीतर इंजिन बसत नाही." इतिहासाच्या शिक्षकास हा प्रश्न का विचारला जातो, याचे आम्हांस प्रथम नवल वाटे. परंतु शिक्षकाकडे माणसे विषय पाहून येत नाहीत, विश्वासाने येतात. त्या विश्वासास पात्र ठरावे म्हणून आम्ही या विषयाचा थोडा अभ्यास केला. अभ्यासास आणखी एक कारण होते. हीच चूक आम्ही स्वतः एकदा केली होती आणि तिची किंमत मोजली होती.

आमची चूक

२००७ साली, शिक्षणसेवकाची तीन वर्षे संपून नोकरी कायम झाल्यावर, आम्ही पतसंस्थेचे कर्ज काढून १२५ सीसीची मोटारसायकल घेतली. पहिली सर्व्हिसिंग मोफत होती, म्हणजे मजुरी मोफत. ऑइलचे पैसे मात्र द्यावे लागणार होते. ते वाचवावेत, या हेतूने आम्ही सर्व्हिस सेंटरला गेलोच नाही. तालुक्याच्या एका दुकानदाराने "मोटारीचे भारी ऑइल आहे, मायलेज वाढेल" असे सांगून एक डबा दिला. ओळखीच्या मिस्त्रीकडून तेच ऑइल भरून घेतले. तीन आठवड्यांनी दम्याने बेजार झालेल्या वडिलांना मागे बसवून जिल्ह्याच्या रुग्णालयात नेत असताना घाटातील चढावर गाडीचा जोर गेला. इंजिन मोठ्याने ओरडत होते आणि चाक मात्र पुढे सरकत नव्हते. क्लच घसरत होता. वडील रस्त्याच्या कडेला दगडावर बसून श्वास घेण्यासाठी धडपडत होते आणि आम्ही येणाऱ्या-जाणाऱ्या वाहनांना हात करीत होतो. एका टेम्पोचालकाने आम्हांस नेले, हे आमचे भाग्य.

पुढे क्लच प्लेट बदलाव्या लागल्या. पहिली सर्व्हिसिंग नोंदलेली नसल्याने वॉरंटीचा लाभ मिळाला नाही, आणि तो नियमाप्रमाणेच मिळाला नाही. मोटारीचे घर्षण कमी करणारे ऑइल या गाडीत वापरू नये, अशी सूचना गाडीच्या पुस्तिकेत स्पष्ट छापलेली होती. ती पुस्तिका सीटखाली, पॉलिथिनच्या पिशवीत, न उघडलेली पडून होती. वर्गात आम्ही मुलांना सांगत होतो की इतिहास ऐकीव गोष्टींवरून लिहू नये, मूळ कागद पाहावा. स्वतःच्या गाडीच्या बाबतीत मात्र आम्ही मूळ कागद सोडून ऐकिवावर विसंबलो होतो.

इंजिन 'बसते' म्हणजे काय?

ऑइलची निवड समजण्यासाठी आधी नव्या इंजिनात काय घडते, ते समजून घ्यावे लागते. इंजिनाच्या सिलिंडरमध्ये पिस्टन वर-खाली धावतो. इंजिन मिनिटाला ६००० फेरे घेत असेल, तर पिस्टन एका सेकंदात १०० वेळा वर जातो आणि १०० वेळा खाली येतो. पिस्टनच्या खाचांत धातूच्या रिंगा बसविलेल्या असतात. वरच्या रिंगा जळणाऱ्या वायूचा दाब खाली निसटू देत नाहीत. खालची रिंग भिंतीवरचे जादा ऑइल खरवडून परत खाली पाठविते.

सिलिंडरची आतील भिंत नुसत्या डोळ्यांना आरशासारखी दिसली, तरी ती मुद्दाम गुळगुळीत ठेवलेली नसते. कारखान्यात तिच्यावर एकमेकींना छेदणाऱ्या अतिसूक्ष्म तिरप्या रेषा कोरतात. या प्रक्रियेस होनिंग म्हणतात. या रेषांच्या खाचांत ऑइल धरून राहते. खाचांच्या मधले उंचवटे आणि रिंगांच्या कडा मात्र नव्यानेच समोरासमोर आलेल्या असतात. पहिल्या काही शे किलोमीटरांत रिंगा त्या उंचवट्यांची टोके हलकेच झिजवितात. उंचवटे सपाट होतात, खोल खाचा मात्र शिल्लक राहतात. रिंग भिंतीला सर्व बाजूंनी घट्ट टेकू लागली, की इंजिन बसले, असे मिस्त्री म्हणतात. नवे जाते घेतल्यावर पहिले दोन-तीन घाणे दळून टाकून देतात आणि मगच पीठ खाण्यासाठी घेतात, त्यातलाच हा प्रकार.

येथे एक गोष्ट लक्षात घ्यावी. रिंग भिंतीवर दाबली जाते ती केवळ स्वतःच्या ताणाने नव्हे. जळणाऱ्या वायूचा दाब रिंगेच्या मागील खाचेत शिरतो आणि तिला बाहेर ढकलतो. म्हणून इंजिनावर थोडाफार भार येणे आवश्यक असते. गाडी पहिले महिनाभर केवळ बैलगाडीच्या वेगाने चालविली, किंवा दारात तासन् तास सुरू ठेवली, तर हा दाब पुरेसा मिळत नाही. रिंगा नीट टेकत नाहीत, भिंतीवर जळक्या ऑइलचा चकचकीत थर बसतो आणि खाचा भरून जातात. अशी गाडी पुढे ऑइल खाते व निळसर धूर सोडते. याउलट कोरे इंजिन पहिल्याच दिवशी पूर्ण वेगाने दौडविले, तर उंचवटे झिजण्याऐवजी तापून खरवडले जातात. दोन्ही टोके टाळावयाची असतात.

केवळ रिंगाच नव्हे, गिअरचे दाते, कॅम, बेअरिंग, क्लचच्या प्लेट हे सारे भाग याच काळात एकमेकांशी जुळते होतात. या जुळणीत धातूची अत्यंत बारीक भुकटी सुटते. तिला वाहून नेण्याचे काम ऑइल करते. पहिल्या सर्व्हिसिंगला काढलेले ऑइल उन्हात धरले, तर त्यात चांदीसारखी चमक दिसते. पुष्कळजण ती पाहून घाबरतात. ती बारीक चमक स्वाभाविक आहे. नखाने उचलता येतील असे तुकडे दिसले, तर मात्र ताबडतोब सर्व्हिस सेंटरला दाखवावे.

एकच ऑइल, तीन कामे

आमच्या आजोबांच्या काळी बैलगाडीखाली वंगणाचे नळकांडे टांगलेले असे. आसाला वंगण दिले, की काम झाले. इंजिनातील ऑइलचे काम इतके सोपे नाही. ते घर्षण कमी करते, उष्णता वाहून नेते, काजळी व धातूची भुकटी धरून ठेवते, गंज रोखते आणि रिंग व भिंत यांमधील फट बंद करते.

मोटारीत इंजिनाचे ऑइल वेगळे व गिअरबॉक्सचे वेगळे असते, आणि हाताच्या गिअरच्या मोटारीत क्लच कोरडा असतो. आपल्याकडील बहुतेक मोटारसायकलींत मात्र इंजिन, गिअर आणि क्लच या तिघांना एकच ऑइल पुरविले जाते. क्लचच्या प्लेट ऑइलमध्ये बुडालेल्या असतात. त्या एकमेकींना धरतात म्हणूनच इंजिनाची शक्ती चाकाकडे जाते. मोटारीच्या अनेक ऑइलमध्ये इंधन वाचावे म्हणून घर्षण कमी करणारी विशेष रसायने असतात. मोटारीत ती गुण ठरतात, आणि मोटारसायकलीत तीच क्लचच्या प्लेट निसटविणारी ठरू शकतात. आमच्या घाटातील फजितीचे मूळ येथे होते.

डब्यावरची अक्षरे कशी वाचावीत?

ऑइलच्या डब्यावर चित्र असते धावत्या गाडीचे आणि अक्षरे मोठी असतात ती कंपनीच्या नावाची. खरी माहिती मागील बाजूस बारीक टायपात असते. तेथे तीन गोष्टी शोधाव्यात.

पहिली, एसएई ग्रेड. १०डब्ल्यू-३०, २०डब्ल्यू-४०, २०डब्ल्यू-५० अशी ती लिहिलेली असते. हे आकडे ऑइलचा दाटपणा दर्शवितात. डब्ल्यू हे अक्षर हिवाळ्यासाठीच्या इंग्रजी शब्दाचे आहे. त्याच्या आधीचा आकडा थंडीत ऑइल किती सहज वाहते ते सांगतो. तो जितका लहान, तितके ऑइल थंड इंजिनात लवकर सर्वत्र पोहोचते. नंतरचा आकडा १०० अंश सेल्सिअसला, म्हणजे तापलेल्या इंजिनात, दाटपणा किती टिकतो ते सांगतो. थंडीत काकवी घट्ट होते आणि चुलीजवळ ठेवली की पाण्यासारखी ओघळते, हे ज्यांनी पाहिले आहे त्यांना हे चटकन उमजेल.

इंजिनाच्या सुट्या भागांमधील फटी किती ठेवावयाच्या, हे ते बनविणाऱ्याने एका विशिष्ट दाटपणाचा विचार करूनच ठरविलेले असते. त्यामुळे ग्रेड गाडीगणिक बदलते. हिरोच्या १०० सीसी वर्गातील गाड्यांना १०डब्ल्यू-३० सांगितलेले असते, बजाजच्या पल्सर १५० ला २०डब्ल्यू-५०, तर रॉयल एनफील्डच्या अलीकडील ३५० सीसी गाड्यांना १५डब्ल्यू-५०. शेजाऱ्याच्या गाडीला जे मानवते ते आपल्या गाडीला मानवेल असे नाही. "विदर्भातला उन्हाळा आहे, जाडच ऑइल टाका" हा सल्ला आम्ही अनेकदा ऐकला आहे. पुस्तिकेत हवामानानुसार पर्यायी ग्रेड दिली असेल तरच तो मानावा. ज्या इंजिनाला पातळ ऑइल सांगितले आहे, त्यात जाड ऑइल घातल्यास सकाळी सुरू करताना ते वरच्या भागांपर्यंत उशिरा पोहोचते, आणि नव्या इंजिनास हे क्षण अधिक नाजूक असतात.

दुसरी, एपीआय दर्जा. अमेरिकेतील पेट्रोलियम संस्थेने ठरविलेला हा दर्जा असून पेट्रोल इंजिनासाठी तो 'एस' या अक्षराने सुरू होतो. पुढचे अक्षर जितके नंतरचे, तितका दर्जा नवा. एसएल २००१ चा, एसएम २००४ चा, एसएन २०१० चा आणि एसपी २०२० चा. पुस्तिकेत 'एसएल किंवा त्यावरील' असे लिहिले असेल, तर एसएन चालते. मात्र हे दर्जे मुख्यतः मोटारी डोळ्यांसमोर ठेवून ठरविलेले आहेत. म्हणून केवळ नवे अक्षर पाहून ऑइल घेणे मोटारसायकलस्वाराच्या हिताचे नाही. डब्यावरील वर्तुळाकार चिन्हात ऊर्जेची वा साधनसंपत्तीची बचत करणारे, या अर्थाचे इंग्रजी शब्द असतील, तर ते ऑइल ओल्या क्लचच्या मोटारसायकलीत घालू नये.

तिसरी आणि आमच्या मते सर्वांत महत्त्वाची, जासो दर्जा. मोटारींची ऑइले घर्षण कमी करण्याच्या दिशेने जाऊ लागली, तेव्हा जपानच्या वाहन-मानक संस्थेने मोटारसायकलींसाठी स्वतंत्र मानक आणले. १९९८ साली एमए आणि एमबी असे दोन वर्ग ठरले. २००६ साली एमएचे एमए१ आणि एमए२ असे पोटविभाग झाले. या मानकात क्लचच्या प्लेट प्रत्यक्ष चाचणी-यंत्रात फिरवून घर्षण मोजतात. एमए वर्गाचे ऑइल क्लचला पकड देते, आणि एमए२ त्यातही अधिक. एमबी हे कमी घर्षणाचे. ते पट्ट्यावर चालणाऱ्या स्कूटरसाठी योग्य, कारण तिचा क्लच कोरडा असतो. घरात स्कूटर व मोटारसायकल दोन्ही असतील आणि एकच डबा दोहोंत वापरला जात असेल, तर घोटाळा होतो तो याच अक्षरावरून.

जासो मानकात आणखी एक तरतूद आहे. झीज रोखणाऱ्या जस्त-फॉस्फरसच्या संयुगासाठी ऑइलमधील फॉस्फरसचे प्रमाण ०.०८ ते ०.१२ टक्के असावे, असे ते सांगते. फार कमी असेल तर गिअर व कॅम यांना संरक्षण अपुरे पडते, आणि फार जास्त असेल तर धुराच्या नळीतील शुद्धीकरण यंत्रणेस अपाय होतो. १ एप्रिल २०२० पासून बीएस-६ नियम लागू झाल्यापासून प्रत्येक नव्या गाडीच्या बाबतीत हा मुद्दा महत्त्वाचा आहे.

साधे की सिंथेटिक?

आता मामांच्या आणि गॅरेजवाल्याच्या वादाकडे वळू. साधे, म्हणजे खनिज ऑइल, कच्च्या तेलाचे शुद्धीकरण करून मिळते. सिंथेटिक ऑइल रासायनिक प्रक्रियेने अधिक एकसारख्या रेणूंचे बनविलेले असते. ते उष्णतेत लवकर खराब होत नाही आणि थंडीत चांगले वाहते. दोहोंच्या मिश्रणास सेमी-सिंथेटिक म्हणतात.

"नव्या इंजिनात सिंथेटिक घातले तर ते इतके निसरडे असते की रिंगा बसतच नाहीत", हे मामांचे म्हणणे निराधार नव्हते. जुन्या काळी होनिंग खडबडीत असे, भागांची मापे आजच्याइतकी अचूक नसत आणि रिंगा बसण्यास अधिक अंतर लागे. मिस्त्रींच्या एका पिढीने हा नियम अनुभवातून बनविला. परंतु नियम ज्या परिस्थितीत जन्मला ती परिस्थिती बदलली की नियमही पुन्हा तपासावा लागतो, हे इतिहासाच्या अभ्यासकास वेगळे सांगावयास नको. आज कारखान्यातच सिलिंडरचे उंचवटे पुष्कळसे सपाट करून दिलेले असतात. काही निर्माते तर कारखान्यातूनच सेमी-सिंथेटिक वा सिंथेटिक ऑइल भरून गाडी देतात, आणि त्या गाड्यांच्या रिंगा व्यवस्थित बसतात.

याचे कारण आकड्यांत पाहता येते. एसएई ३० या ग्रेडचे ऑइल १०० अंशांना ९.३ ते १२.५ सेंटिस्टोक एवढ्याच दाटपणाचे असावे लागते, मग ते खनिज असो वा सिंथेटिक. दोन धातूंमधील ऑइलचा पडदा किती जाड राहील, हे मुख्यतः या दाटपणावर ठरते. सिंथेटिक म्हणजे आपोआप अधिक निसरडे, हा समज म्हणून पूर्ण खरा नाही. रिंगांच्या बसण्यात अडथळा आणू शकतात ती ऑइलमध्ये मिसळलेली घर्षण कमी करणारी रसायने. जासो एमए वा एमए२ दर्जाच्या ऑइलमध्ये त्यांना मर्यादा असते. अडचण येते ती दुकानात मिळणाऱ्या छोट्या बाटल्यांतील 'इंजिन जपणाऱ्या' द्रव्यांमुळे. अशी कोणतीही बाटली नव्या इंजिनात ओतू नये, कोणी कितीही आग्रह केला तरी.

मग गॅरेजवाल्याचे खरे का? तेही पूर्णतः नव्हे. पहिल्या सर्व्हिसिंगला भरलेल्या ऑइलमध्येही उरलीसुरली भुकटी मिसळणार असते आणि ते ठरल्या वेळी काढावेच लागणार असते. पुस्तिकेत खनिज ऑइल पुरेसे सांगितले असताना या टप्प्यावर महागडे सिंथेटिक भरण्याने इंजिनास विशेष लाभ होत नाही. हप्ता भरणाऱ्या तरुणाने ते पैसे वेळेवर ऑइल बदलण्यासाठी राखावेत, हे अधिक शहाणपणाचे. योग्य दर्जाचे साधे ऑइल वेळेवर बदलले, तर ते उशिरा बदललेल्या भारी ऑइलपेक्षा केव्हाही चांगले.

थोडक्यात, उत्तर असे. पुस्तिकेत सिंथेटिक वा सेमी-सिंथेटिक सांगितले असेल, तर पहिल्या दिवसापासून तेच घालावे, भिण्याचे कारण नाही. खनिज सांगितले असेल, तर खनिजच घालावे. पुढे दोन-तीन हजार किलोमीटरनंतर, रिंगा बसल्यावर, त्याच ग्रेडचे व त्याच जासो दर्जाचे सिंथेटिक वापरावेसे वाटल्यास आणि पुस्तिकेची मनाई नसल्यास, खुशाल वापरावे.

पहिली सर्व्हिसिंग

आपल्याकडील बहुतेक निर्माते पहिली सर्व्हिसिंग ५०० ते १००० किलोमीटरच्या दरम्यान सांगतात. सोबत दिवसांचीही मर्यादा असते आणि दोहोंपैकी जे आधी येईल ते धरावयाचे असते. ही सर्व्हिसिंग चुकवू नये. नव्या इंजिनात भुकटी सर्वाधिक सुटते ती याच अंतरात. तीच घेऊन फिरत राहणे म्हणजे बेअरिंगांमधून वाळूचे पाणी फिरविण्यासारखे. कारखान्याचे ऑइल मुदतीच्या फार आधी काढण्याचीही आवश्यकता नाही. कागदी फिल्टर असलेल्या गाडीत तो पुस्तिकेप्रमाणे बदलून घ्यावा. जाळी असलेल्या गाडीत ती साफ करून घ्यावी. ऑइल गाडी थोडी गरम असताना काढले, म्हणजे भुकटीही त्यासोबत निघून जाते.

ऑइल किती भरावे, हेही पुस्तिकेत असते. १०० ते १२५ सीसीच्या गाड्यांना साधारण एक लिटरच्या आत-बाहेर लागते. डबा एक लिटरचा आहे म्हणून तो पूर्ण रिकामा करावा, असे नाही. जास्त भरल्यास ऑइल फेसाळते आणि एअर फिल्टरकडे जाते. पातळी तपासताना गाडी सपाट जागी मुख्य स्टँडवर सरळ उभी करावी, इंजिन काही मिनिटे चालवून बंद करावे, दोन-तीन मिनिटे थांबावे आणि मग पट्टी पाहावी. काही गाड्यांत पट्टी आटे न फिरविता नुसती टेकवून पाहावयाची असते, हेही लक्षात ठेवावे.

बिलावर ऑइलची ग्रेड व दर्जा लिहून घ्यावा आणि ते बिल जपून ठेवावे. वॉरंटीच्या वेळी तोंडी सांगण्यास किंमत नसते, कागदास असते.

चालविण्याची रीत

ऑइल कितीही योग्य असले, तरी चालविणाराच अविचारी असेल तर त्याचा उपयोग नाही. सुरू केल्यावर गाडीस अर्धा-एक मिनिट द्यावे आणि पहिले एक-दोन किलोमीटर सावकाश जावे. पहिल्या हजार किलोमीटरांत ॲक्सिलरेटर पूर्ण पिळू नये. एकाच वेगाने तासभर जाऊ नये, वेग कमी-अधिक करीत राहावे. वरच्या गिअरमध्ये गाडी धापा टाकू लागेपर्यंत ओढू नये, वेळीच खालचा गिअर घ्यावा. शक्यतो तिघे बसू नयेत, आणि कायद्याने तर कधीच बसू नयेत. पोती लादून घाट चढण्याचे काम महिनाभर पुढे ढकलावे.

जुनी गाडी, नवे बोअर

आमच्या वाचकांत अनेकजण जुनी गाडी घेतात, आणि त्यात संकोच वाटण्यासारखे काही नाही. जुन्या गाडीचे बोअर करून नवा पिस्टन व रिंगा टाकल्या, की तिचे इंजिन पुन्हा 'नवे' होते आणि हीच काळजी पुन्हा घ्यावी लागते. किंबहुना अधिक घ्यावी लागते. स्थानिक वर्कशॉपातील होनिंग कारखान्याइतके एकसारखे असेलच असे नाही. मामांचा जुना नियम येथे अजूनही लागू पडतो. सांगितलेल्या ग्रेडचे, जासो एमए वा एमए२ दर्जाचे खनिज ऑइल भरावे आणि पहिले ऑइल ३०० ते ५०० किलोमीटरांतच बदलावे. बोअर झाल्यावर सिलिंडर साबणाच्या पाण्याने धुऊन, पुसून, ऑइलचा हात लावूनच बसवावा. होनिंगच्या दगडाची भुकटी आत राहिली, तर कोणतेही ऑइल इंजिन वाचवू शकणार नाही.

डबा खरा आहे ना?

नामांकित कंपन्यांच्या रिकाम्या डब्यांत भलतेच ऑइल भरून विकण्याचा धंदा चालतो. म्हणून ऑइल अधिकृत दुकानातून घ्यावे, झाकणाचे सील समोर तोडावे, छापील किंमत व तारीख पाहावी. ऑइल भरून झाल्यावर रिकाम्या डब्यास खिळ्याने भोक पाडून मगच तो टाकावा.

काढलेले काळे ऑइल ओढ्यात, शेतात वा विहिरीजवळ ओतू नये. २०१६ च्या घातक कचरा नियमांत वापरलेल्या ऑइलचा समावेश आहे. ते गोळा करणाऱ्या गॅरेजकडेच द्यावे. गॅरेजमध्ये काम शिकणाऱ्या आमच्या मुलांना मात्र आणखी एक सांगणे आहे. वापरलेले ऑइल वारंवार कातडीला लागणे आरोग्यास घातक असते, त्याने कर्करोगाचाही धोका संभवतो. हातमोजे घालावेत आणि काम झाल्यावर पेट्रोलने नव्हे, साबणाने हात धुवावेत.

ध्यानात ठेवण्याजोगे

१. ऑइल घेण्याआधी गाडीची पुस्तिका उघडून ग्रेड, एपीआय व जासो या तीन नोंदी कागदावर उतरवाव्यात.

२. मोटारसायकलीस जासो एमए वा एमए२, पट्ट्याच्या स्कूटरीस पुस्तिकेप्रमाणे, बहुधा एमबी.

३. खनिज की सिंथेटिक, हे पुस्तिकेवरून ठरवावे. ग्रेड व जासो दर्जा त्याहून अधिक महत्त्वाचे.

४. मोटारीचे ऑइल आणि बाटलीतील जादा द्रव्ये टाळावीत.

५. पहिली सर्व्हिसिंग वेळेवर करावी आणि बिल जपावे.

६. पहिले हजार किलोमीटर बदलत्या, मध्यम वेगाने चालवावे.

एका लिटरच्या ऑइलला काही शे रुपये लागतात. रिंगा, पिस्टन आणि बोअरचे काम काही हजारांत जाते, आणि तितके दिवस गाडी उभी राहते. ज्याची रोजी गाडीवर आहे, मग तो पार्सल पोहोचविणारा असो, दूध घालणारा असो वा दुसऱ्या गावी शाळेवर जाणारा शिक्षक असो, त्याच्या घरी त्या दिवसांची चूल कशी पेटते हे आम्ही पाहिले आहे.

गेल्या वर्षीच्या संमेलनात एका माजी विद्यार्थ्याने गाडीच्या सीटखालून पुस्तिका काढून आमच्या हाती दिली. ऑइलच्या पानावर त्याने पेनने खूण केली होती आणि समासात पहिल्या सर्व्हिसिंगची तारीख व किलोमीटर लिहिले होते. "सर, तुम्ही वर्गात म्हणायचा ना, मूळ कागद बघा," तो म्हणाला. आमच्या अध्यापनाचा असाही उपयोग होईल, असे आम्हांस कधी वाटले नव्हते. त्याची गाडी आज चाळीस हजार किलोमीटर चालली आहे आणि अजून धूर सोडत नाही.